दगडावर कोरलेलं तिचं नाव

सोळाशे माणसं! नाटकाला नाही, सर्कशीला नाही, पुढाऱ्याच्या सभेलाही नाही. एका बाईचं व्याख्यान ऐकायला सोळाशे माणसं जमली होती. आणि विषय तरी काय? तर प्राचीन अथेन्समधल्या थडग्यांवरच्या शिळा! स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हे घडलं. बाईंचं नाव जेन एलन हॅरिसन.

आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. म्हणजे काळ तोच. शाळा-कॉलेजात न जाता ज्ञान मिळवायचं तर व्याख्यान ऐकायचं, हे तिकडेही तसंच होतं. इंग्लंडात या व्याख्यानांना बायकांची गर्दी फार असे. त्याचं कारणही साधं आहे, मैत्रिणींनो. विद्यापीठाचं दार त्यांना जेमतेम किलकिलं झालेलं होतं, व्याख्यानाच्या हॉलचं मात्र तिकीट काढलं की उघडत होतं.

जेनबाईंचा जन्म १८५० चा, यॉर्कशायरमधला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. घरी शिकवायला येणाऱ्या बायकांकडून धडे घेत घेत ती मोठी झाली, पुढे मुलींच्या शाळेत गेली आणि १८७४ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात पोचली. मुलींसाठीचं हे कॉलेज तेव्हा अगदी नवं होतं. ग्रीक आणि लॅटिन घेऊन १८७९ मध्ये ती शेवटची परीक्षा पास झाली. पास झाली, पण पदवी नाही. कारण केंब्रिज बायकांना पदवीच देत नसे! मुलांच्या बरोबरीनं पूर्ण पदवी मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. तोवर जेनबाईंना जाऊनही वीस वर्षं झाली होती. ॲबर्डीन आणि डरहॅम या विद्यापीठांनी त्यांना सन्मानाच्या पदव्या दिल्या, पण ज्या केंब्रिजात आयुष्य गेलं तिथली पदवी काही मिळाली नाही.

मग पोट कसं भरायचं? त्या लंडनला आल्या. ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रीक मूर्ती आणि रंगवलेली मातीची भांडी यांचा अभ्यास सुरू केला, आणि जे शिकलं ते लोकांना सांगायला लागल्या. आधी म्युझियमच्या दालनांत बायकांच्या छोट्या घोळक्यांना, मग मोठमोठ्या हॉलमध्ये. सोबत मॅजिक लँटर्न. काचेवरचं चित्र दिव्याच्या झोतानं पडद्यावर मोठं करून दाखवायचं यंत्र. अंधारलेल्या हॉलमध्ये पडद्यावर एकदम अडीच हजार वर्षांपूर्वीची एखादी बाई प्रकटायची, आरशात बघणारी नाहीतर पाणी भरणारी. ज्यांनी सिनेमा अजून पाहिलाच नव्हता त्यांना ते किती नवलाचं वाटत असेल!

जेनबाईंना सांगायचीही हौस होती आणि नटायचीही. विंचेस्टरच्या मुलांच्या शाळेत एकदा त्यांचं अथेन्सवर व्याख्यान झालं. नंतर एका मास्तरांनी एका चिमुरड्याला विचारलं, आवडलं का रे? पोरगं भलतंच प्रामाणिक. व्याख्यान नाही आवडलं म्हणालं, पण बाई आवडल्या, सुंदर हिरव्या भुंग्यासारख्या दिसत होत्या! त्या काळच्या फॅशनप्रमाणे बाईंच्या झग्यावर टिकल्या चमचमत होत्या. हा किस्सा त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलाय. दुसऱ्या एका व्याख्यानात तर त्यांनी मागच्या बाजूला दोन मित्रांना दोरीला बांधलेल्या लाकडी पट्ट्या गरगर फिरवत उभं केलं. प्राचीन ग्रीक विधींत होणारा घूंऽऽ घूंऽऽ आवाज लोकांना ऐकू यावा म्हणून.

इतकी विद्या, इतकी लोकप्रियता. पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पुरातत्त्वाच्या प्राध्यापकपदासाठी त्यांनी १८८८ साली अर्ज केला, तो नामंजूर. १८९६ साली पुन्हा केला, पुन्हा नामंजूर. दोन्ही वेळा पुरुषांची नेमणूक झाली. त्या पुरुषांची विद्या कमी होती असं नाही म्हणायचं मला. पण बाईमाणसानं कॉलेजात शिकवूच नये, असं म्हणणारी मंडळी तिथे होती, हे विसरून कसं चालेल? शेवटी १८९८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या न्यूनहॅम कॉलेजनं त्यांना सन्मानानं परत बोलावलं. तिथे बसून त्यांनी ग्रीक धर्मावरचे जाडजूड ग्रंथ लिहिले. पण त्याआधीची जवळजवळ वीस वर्षं त्यांचं विद्यापीठ म्हणजे भाड्यानं घेतलेला हॉल आणि समोर बसलेली माणसं.

आता त्या थडग्यांकडे वळू या. थडगी बघायला सोळाशे माणसं का यावीत?

अथेन्स शहराच्या वेशीबाहेर केरामिकोस नावाची जागा आहे. नावातच कुंभार आहेत, कारण हा भाग कुंभारवाड्याचा. शहरातून बाहेर जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना श्रीमंत घराण्यांनी आपापल्या माणसांच्या स्मारकशिळा उभ्या केल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसाव्यात, त्यानं थांबून वाचावं, म्हणून. १८७० साली तिथे एक शिळा सापडली. खुर्चीत बसलेली एक तरुण बाई. पाय छोट्या चौरंगावर, अंगावर झिरझिरीत वस्त्राच्या चुण्या. समोर दासी उभी, तिच्या हातात उघडी पेटी. बाईनं पेटीतून दागिना उचललाय आणि त्याकडे बघतेय. दागिना रंगवलेला होता, तो रंग उडून गेला. उरलीत नुसती बोटं, काही नसलेलं काहीतरी धरलेली. वर कोरलंय : हेगेसो, प्रॉक्सेनॉसची मुलगी. ही शिळा साधारण इसवी सनापूर्वी ४१० ते ४०० च्या दरम्यानची. आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

यात एवढं काय, असं वाटेल. पण अथेन्समधली रीत लक्षात घेतली की त्या नावाचं मोल कळतं. तिथे घरंदाज बाईचं नाव चारचौघांत घ्यायचंच नाही, असा दंडक होता. कोर्टात वाद चालला, त्यात एखादीचा उल्लेख आला, तर वकिली करणारा म्हणायचा, अमक्याची बायको, तमक्याची आई. ती जिवंत असेपर्यंत तिला नावानं पुकारणं म्हणजे तिची बेअब्रू. पेरिक्लीस हा अथेन्सचा मोठा पुढारी. लढाईत मेलेल्यांच्या सन्मानार्थ त्यानं केलेलं भाषण जगात गाजलेलं आहे. त्यात त्यानं विधवांना जाता जाता दोन शब्द सुनावले. पुरुषांच्या तोंडी जिचं नाव कमीत कमी येतं, मग ते स्तुतीसाठी असो की निंदेसाठी, तीच बाई चांगली! आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, उखाण्यातच काय ते घ्यायची. अथेन्समध्ये बायकोचंच नाव कुणी घ्यायचं नाही, आणि उखाण्याचीही सोय नाही.

आणि हीच बाई मेली, की तिचं नाव रस्त्याच्या कडेला संगमरवरात! वाटेनं जाणारा कुणीही वाचू शकेल असं.

अथेन्सच्या बायकांबद्दल पुस्तकांत जे सापडतं ते बहुतेक सगळं पुरुषांनी लिहिलेलं. कायदे, भाषणं, नाटकं, तत्त्वज्ञान. त्यातून कळतं की मुलीचं लग्न चौदा-पंधराव्या वर्षी, तिशीच्या नवऱ्याशी. बरोबर हुंडा. तो नवरा वापरणार, पण काडीमोड झाला तर मुलीच्या माहेरी परत करावा लागणार. मतदान नाही, सभेत जागा नाही, मोठा व्यवहार करायची मुभा नाही. हे सगळं खरंच. पण नुसतं एवढंच वाचलं तर वाटतं की या बायका म्हणजे भिंतीआड कोंडलेल्या सावल्या. पुरातत्त्वाचं तसं नाही. ते भांडीकुंडी, खापरं, चात्या आणि थडगी बघतं. आणि भांडीकुंडी म्हटली की बाई आलीच.

पाण्याचंच घ्या. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीला नळांची पाणपोई असावी तशा सार्वजनिक इमारती बांधल्या गेल्या. सिंहाच्या तोंडातून पाणी पडतंय आणि बायका भरतायत, अशी चित्रं त्या काळच्या घागरींवर भरपूर आहेत. घागरीवरच घागरींचं चित्र! रिकामी घागर डोक्यावर आडवी, भरलेली उभी. डोक्यावर चुंबळसुद्धा दिसते. आणि बायका एकमेकींकडे वळून बोलतायत. काही घागरींवर त्या बायकांच्या डोक्याशी नावंही लिहिलीत. आता या दासी की घरच्या बायका, यावर अभ्यासकांचा वाद आहे. ज्यांच्या घरी माणसं होती त्या स्वतः पाण्याला जात नसणार, हे उघडच आहे.

आणि लोकर. ग्रीक बाईचा दिवस लोकरीत जायचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये तेलाची एक कुपी आहे, वीतभर उंचीची. तिच्यावर सगळा कारखाना रंगवलाय : कुणी लोकर तराजूत तोलतेय, कुणी सूत कातते, दोघी उभ्या मागावर विणतायत, कुणी तयार कापडाची घडी घालतेय. हा माग भिंतीला टेकवून उभा करायचा, आणि ताण्याचे धागे ताठ राहावेत म्हणून खाली मातीची वजनं बांधायची. लाकूड कुजलं, धागे गेले, कापड गेलं. वजनं तेवढी राहिली. ग्रीक घरांच्या उत्खननात ती ढिगानं सापडतात. लोकरीचे पेळू मऊ करायला बायका मांडीवर एक भाजलेल्या मातीचं साधन पालथं घालायच्या, आपल्या जुन्या नळीच्या कौलासारखं, फक्त गुडघ्याच्या टोकाला बंद. सुबक रंगवलेलीही मिळाली आहेत. घरातलं हे काम तसं बिनमोलाचं, पण शहराच्या देवीला, अथीनाला, उत्सवात नेसवायचं वस्त्रही बायकांनीच विणायचं. त्या विणकामाची सुरुवात करायला चांगल्या घरांतल्या लहान मुली निवडल्या जायच्या. आणि अथीनाची मुख्य पुजारीण बाईच. लिसिमाखी नावाच्या पुजारणीनं चौसष्ट वर्षं हे पद सांभाळलं असं रोमन लेखक प्लिनी सांगतो.

जेनबाईंना या सणावारांतच जास्त रस. ऑलिंपसवरच्या गोऱ्यागोमट्या देवांच्या कथा सगळ्यांना माहीत होत्या. त्या म्हणाल्या, कथा बाजूला ठेवा, माणसं प्रत्यक्ष करत काय होती ते बघू. थेस्मोफोरिया नावाचा सण घ्या. शरद ऋतूत, पेरणीच्या तोंडावर, विवाहित बायका तीन दिवस घर सोडून डिमीटर देवीच्या जागी मुक्कामाला जायच्या. पुरुषांना पूर्ण मज्जाव. मधला दिवस कडक उपासाचा, जमिनीवर बसून काढायचा. त्या दिवशी अथेन्समध्ये कोर्ट-कचेरी बंद! आधी खोल खड्ड्यांत टाकलेल्या डुकरांचे कुजलेले अवशेष काही बायका व्रतस्थ राहून वर काढायच्या. खड्ड्यात साप, म्हणून टाळ्या वाजवत उतरायचं. ते अवशेष वेदीवर ठेवायचे आणि बियाण्यात मिसळायचे, पीक चांगलं यावं म्हणून. ही माहिती मिळते कुठून? एका जुन्या हस्तलिखिताच्या समासात कुणीतरी लिहिलेल्या टिपेतून. पूर्वीचे विद्वान अशा गोष्टी नाक मुरडून सोडून द्यायचे. जेनबाईंनी १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात ती टीप उचलून मधोमध आणून ठेवली. पीक येणं न येणं ज्यांच्या हाती आहे असं सगळं शहर मानत होतं, त्या बायकाच होत्या की! त्यांच्या सगळ्या तर्कांना आजचे अभ्यासक मान डोलावत नाहीत, पण बायकांच्या व्रतांकडे शास्त्र म्हणून बघायला लागले ते बरंचसं त्यांच्यामुळे.

जेनबाई बोलल्या, पण खणायला गेल्या नाहीत. खणायला गेली ती दुसरी, अमेरिकेतली. हॅरिएट बॉइड, जन्म १८७१. ती शिकायला अथेन्सच्या अमेरिकन संस्थेत आली तर तिला सुचवण्यात आलं की उत्खनन हे बायकांचं काम नाही, ग्रंथपाल व्हावं. तिनं काय केलं, तर शिष्यवृत्तीचे उरलेले पैसे घेतले आणि १९०० साली सरळ क्रीट बेटावर गेली. बरोबर जीन पॅटन ही वनस्पतिशास्त्रातली मैत्रीण, एक ग्रीक मदतनीस आणि त्या मदतनिसाची आई! खेचरांवर बसून डोंगर पालथे घातले. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, तिला गुर्निया सापडलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव. आर्थर इव्हान्स तेव्हा त्याच बेटावर क्नोसॉसचा राजवाडा खणत होता, जगाचं लक्ष तिकडे. हिच्या वाट्याला आल्या दगडी पायवाटा, एकमेकांना चिकटलेली छोटी घरं, सुताराची करवत आणि पटाशा, तेलाची भांडी, मागाची वजनं. हाताखाली शंभरावर कामगार. मला विचाराल तर राजवाड्यापेक्षा हे घबाड मोठं. राजे कसे राहत होते ते कुठूनतरी कळतंच, सुतार आणि त्याची बायको कशी राहत होती ते कोण सांगणार? १९०२ साली तिनं अमेरिकेत गावोगाव फिरून गुर्नियावर व्याख्यानं दिली. अमेरिकेच्या पुरातत्त्व संस्थेच्या व्यासपीठावर बोललेली ती पहिली बाई.

त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत जमिनीतून अजून किती बायका वर आल्या! १९३२ साली केरामिकोसमध्येच अँफारेतीची शिळा मिळाली. मांडीवर तान्हं बाळ आणि त्याच्याकडे बघणारी बाई. आई असेल असं वाटतं, पण कोरलेल्या ओळी सांगतात की ही आजी आहे, मांडीवर लेकीचं लेकरू आहे, आणि दोघंही आता या जगात नाहीत. १९७२ मध्ये अथेन्सजवळ फ्रासिक्लियाचा पुतळा मिळाला, हातात कमळाची कळी. लग्नाआधीच गेलेली मुलगी. खालच्या लेखात ती म्हणते की देवांनी लग्नाऐवजी मला हे नाव दिलं, मी कायम कुमारीच म्हणवली जाणार.

आणि एक बिननावाची. १९६७ साली अथेन्समधल्या अरियोपॅगस टेकडीच्या उतारावर, इसवी सनापूर्वी ८५० च्या सुमाराचं एक थडगं सापडलं. दहन केलेल्या बाईच्या अस्थी, सोन्याची कर्णभूषणं, मण्यांचा भरगच्च हार, आणि मातीची एक पेटी, झाकणावर धान्याच्या पाच इवल्या कणग्या. ‘अथेन्सची श्रीमंत बाई’ असं तिचं नाव पडलं. तिच्या घराण्याच्या श्रीमंतीवर खूप लिहिलं गेलं. अस्थींकडे मात्र नीट कुणी बघितलं नव्हतं. २००४ मध्ये त्यांचा पुन्हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कळलं, त्यात बाळाचीही हाडं आहेत, पोटातल्या किंवा नुकत्याच जन्मलेल्या. दिवस भरत आलेली बाई ती. इतक्या सोन्यानाण्यानिशी गेली, आणि गेली बहुधा बाळंतपणातच.

बाळंतपणावरून आठवलं. अथेन्सजवळच्या मेनिदी गावात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली फॅनोस्ट्रॅटीची शिळा मिळाली आहे. तिच्या नावापुढे लिहिलंय : सुईण आणि वैद्य. वैद्यासाठी शब्द वापरलाय तो पुरुष वैद्यांचाच, कमी केलेला नाही. पुढे म्हटलंय की तिनं कुणाला दुखवलं नाही आणि ती गेल्यावर सगळे हळहळले.

एक खंत मात्र राहते. शिळा उभारायला पैसा लागतो. हेगेसोचं नाव कोरलंय, तिच्यासमोर पेटी धरून उभी असलेल्या दासीचं नाही. ती तितकीच सुंदर कोरली आहे, मान किंचित झुकलेली. पण ती कोण, हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

जेनबाई १९२८ साली गेल्या. त्यांच्याच न्यूनहॅम कॉलेजात पुढे शिकवणाऱ्या मेरी बिअर्ड यांनी २००० साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. याच बिअर्डबाईंनी २०१४ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये एक जाहीर व्याख्यान दिलं, विषय होता बायकांचा सार्वजनिक आवाज. सुरुवात केली ती होमरच्या ‘ओडिसी’पासून. त्यात पेनेलपी माडीवरून खाली येते, पाहुण्यांसमोर गाणाऱ्याला म्हणते, दुसरं काहीतरी गा. तर तिचा नुकता मिसरूड फुटलेला मुलगा तिला सांगतो की तू वर जा, आपला माग आणि चाती बघ, बोलणं हे पुरुषांचं काम. बिअर्डबाई म्हणाल्या, बाईला चारचौघांत गप्प बस म्हटल्याची युरोपच्या वाङ्मयातली ही पहिली नोंद. हॉल भरलेला होता. पुढे त्या व्याख्यानाचं पुस्तक झालं, ते जगभर गेलं.

त्याच म्युझियमच्या संग्रहात मेलिताची शिळा आहे. मेलिता म्हणजे मधमाशी. ही दाई होती. शिळेवर ती बसलेली आहे आणि समोर एक छोटी मुलगी उभी आहे. शिळा उभारली ती तिनं अंगाखांद्यावर वाढवलेल्या हिपोस्त्रातीनं, मोठी झाल्यावर. दोघींचीही नावं तिच्यावर आहेत. हिपोस्त्रातीनं लिहवून घेतलंय, की दाई, तू होतीस तेव्हा माझी माया होती, आता मातीखाली आहेस तरी आहे, आणि मी जिवंत आहे तोवर राहील.